तळहाताएवढी जमीन

सकाळ आहे. चिरनेरच्या खाचरांवर अजून दव आहे.

गाडी कडेला, सपाट जागी लावा. इंजिन बंद करा. हँडब्रेक ओढा. उतरा, आणि पुढच्या चाकापाशी उकिडवे बसा.

काही करायचं नाही. श्वास येऊ द्या. जाऊ द्या.

न्हावा-शेवा बंदराकडे निघालेल्या ट्रेलरची घरघर लांबून येते. विरते. तिला विरू द्या.

या वाटांवर आपल्याला वेग नको आहे. 25 सप्टेंबर 1930 रोजी जंगल सत्याग्रहासाठी माणसं इथूनच अक्कादेवीच्या डोंगराकडे पायी गेली. पोलिसांनी गोळ्या झाडल्या. काही जण परतले नाहीत. इथे आपण फक्त बघायला थांबलो आहोत.

वेगाची जागा वेगळी. बंदिस्त मैदान, शंकू मांडून आखलेली वळणं, एका वेळी एकच गाडी, आणि घड्याळ. ऑटोक्रॉस ते. तिथे तुम्ही पहिल्यांदाच उतरणार आहात, रोजच्याच गाडीने. म्हणून आज हे चाक.

बघा. टायर जमिनीला टेकतो ती जागा बघा.

आपला तळहात तिच्या शेजारी जमिनीवर ठेवा. बोटं मिटलेली. साधारण एवढीच ती जागा. हजारेक किलोची गाडी अशा चार जागांवर उभी आहे.

ब्रेक लागतो तो इथेच. वळण घेतलं जातं तेही इथेच.

थोडा वेळ इथेच राहा.

आता टायरवरून हात फिरवा. सावकाश. आधी बाहेरची कड, मग मधला भाग, मग वाकून आतली कड. तिन्हीकडे नक्षी सारखीच लागते का? एक कड जास्त झिजली असेल, तर नव्या टायरच्या आधी अलाइनमेंट बघून घ्यायला हवी.

खाचेत बोट घाला. तळाशी एक बारीक उंचवटा लागतो. नक्षी झिजून त्याच्या बरोबरीला आली, की खोली 1.6 मिलिमीटर उरली. तो टायर मैदानात न्यायचा नाही. रस्त्यावरही नाही.

बाजूला कोरलेलं वाचा. समजा, 185/65 आर 15. रुंदी 185 मिलिमीटर. टायरच्या बाजूची उंची त्या रुंदीच्या 65 टक्के. रिम 15 इंची. शोधलंत तर एका लंबगोलात चार आकडे सापडतात: 2324 असेल, तर 2024 सालच्या तेविसाव्या आठवड्यात हा टायर बनला.

रबरावर बारीक भेगा आहेत? बाजूला कुठे फुगवटा? बोटांना सांगू द्या.

मनात एव्हाना टायरचं दुकान उघडलेलं असतं. रुंद, मऊ, महागडे टायर. ती ओढ येते, येऊ द्या. तिच्याकडेही बघा.

माझं मन मात्र याच टायरपाशी थांबतं. धड असेल, तर पहिल्या काही स्पर्धांना हाच पुरे. साधा टायर पकड सुटण्याआधी ओरडतो, हळूहळू सरकतो, चूक कळायला वेळ देतो. स्पर्धेचा मऊ टायर जास्त वेगापर्यंत धरून ठेवतो, आणि सुटतो तेव्हा अनेकदा फारसं सांगत नाही. नवख्या कानाला आधी हे ओरडणं ओळखीचं व्हायला हवं.

बदलावाच लागला, तर आधी मैदान आठवा. आपल्याकडे ऑटोक्रॉस बरेचदा मातीवर होतं. तिथे खोल, मोकळ्या खाचा माती धरतात. डांबरावर मात्र भरीव नक्षी आणि ताठ बाजू बरी. आणि याच गाडीने पनवेलच्या पावसात घरी यायचं आहे. पाण्याला वाट हवी.

डोळे मिटा. एक श्वास.

आता हवा. टायर थंड असतानाच मोजायची. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर बहुधा स्टिकर असतो, त्यावरचा आकडा बघा. गेज लावा. क्षणभर फुस्स होतं. ऐका. काटा थांबतो. आकडा कागदावर लिहा, चारही चाकांचा.

खिशात पांढरा खडू ठेवा. मैदानात फेरीआधी टायरच्या खांद्यावर, नक्षी संपून बाजू सुरू होते तिथे, नक्षीवरून बाजूवर उतरणारी रेघ ओढा. तिथे बहुतेक टायरांवर एक छोटा त्रिकोण असतो.

फेरी झाली की पुन्हा उकिडवे बसा. खडू कुठपर्यंत पुसला?

त्रिकोणाच्या खालपर्यंत पुसला गेला असेल, तर टायर वळणात फार कलंडतोय. थोडी हवा वाढवा, बाजूवर लिहिलेल्या कमाल आकड्याच्या आतच. त्रिकोणाच्या बराच वर राहिला असेल, तर थोडी सोडा. एक-दोन पीएसआय, जास्त नाही. नवा आकडा लिहून ठेवा, खडू पुन्हा ओढा आणि पुढच्या फेरीच्या रांगेत गाडी लावा.