नुसते पाहणे

दिवाळी अंकांत दागिन्यांच्या नि फराळाच्या जाहिरातींशेजारी अलीकडे हिमनगांच्या जाहिराती येऊ लागल्या आहेत. निळेशार पाणी, त्यात एक पांढरे जहाज, काठावर अस्वल, आणि खाली पैसे हप्त्याने भरण्याची सोय. या जाहिरातींना हसणारे पुष्कळ आहेत. मला हसू येत नाही. ज्या मुलखातल्या पहाटेवर लोकमान्यांनी एवढा मोठा ग्रंथ लिहिला, तो मुलूख मराठी माणूस सहकुटुंब पाहून येऊ शकतो, ही गोष्ट लहान नव्हे.

टिळक स्वतः तिकडे कधीच गेले नाहीत. 1897 च्या राजद्रोहाच्या खटल्यानंतर ते तुरुंगात असताना मॅक्समुल्लरने पाठविलेली ऋग्वेदाची प्रत त्यांना वाचावयास मिळाली. त्या सक्तीच्या फुरसतीत जो विचार रुजला त्याचा ग्रंथ 1903 साली पुण्यात प्रसिद्ध झाला. वैदिक वाङ्मयात उषा एक नाही, अनेक आहेत. तीस बहिणींचा उल्लेख आहे. आणि इतके दिवस लांबणारी पहाट ध्रुवाजवळच होऊ शकते, असा त्यांचा तर्क. आर्यांचे मूळ घर तिकडे होते, हा सिद्धान्त आजचे पंडित मानीत नाहीत. ते काही असो. कोठडीच्या भिंतीकडे पाहत ज्याने ती पहाट पाहिली, त्याच्या पाहण्याने तिकडचा बर्फाचा एक कणही वितळला नाही. (आमची मंडळी जहाजाने जातात ती उन्हाळ्यात. तेव्हा तेथे सूर्य मावळतच नाही, त्यामुळे पहाट काही त्यांना दिसत नाही!)

आमच्या बोरीवलीच्या इमारतीतले एक निवृत्त गृहस्थ गेल्या वर्षी जुलैमध्ये सपत्नीक स्वालबार्डला जाऊन आले. हा नॉर्वेच्या उत्तरेकडचा द्वीपसमूह. क्षेत्रफळ महाराष्ट्राच्या पाचव्या हिश्श्याएवढे, त्यातला निम्म्याहून अधिक भाग हिमनद्यांखाली, आणि वस्ती तीन हजारांच्या आत. आमच्या एखाद्या मोठ्या गृहसंकुलात याहून जास्त माणसे राहतात. या बेटांना मूळचे रहिवासी असे कोणीच नाहीत. वर्गात मी हे सांगितले तेव्हा मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "सर, तिथे मूळचं कोणी राहतच नव्हतं, तर मग ते कोणासाठी जपून ठेवलंय?"

मी तिला काहीतरी उत्तर दिले. परंतु प्रश्न राहिला.

कारण जपून ठेवणे हे तेथे फार उशिरा सुचलेले शहाणपण आहे. 1596 मध्ये बॅरेंट्स या डच दर्यावर्दीने ही बेटे पाहिली, आणि पुढच्या वीस-पंचवीस वर्षांत तेथे देवमाशांच्या चरबीच्या भट्ट्या पेटल्या. डचांनी तेथे वसविलेल्या ठाण्याच्या नावाचा अर्थच 'चरबीचे गाव' असा आहे. देवमासे जवळजवळ संपले, मग वॉलरसांची पाळी आली, मग अस्वलांची. वॉलरसांना 1952 साली कायद्याचे संरक्षण मिळाले, अस्वलांना 1973 साली. आता तर 1946 पूर्वीच्या मनुष्यवस्तीची कोणतीही खूण उचलण्यास मनाई आहे. गंजलेला खिळादेखील जागचा हलवावयाचा नाही. ज्यांनी कत्तल केली त्यांचा केरकचरासुद्धा पुराणवस्तू झाला.

आमचे गृहस्थ हे सारे ऐकून म्हणाले, "मास्तर, मी काय तिकडे शिकारीला गेलो होतो? मी नुसतं पाहिलं."

हे उत्तर वाटते तितके पोकळ नाही. कामासाठी जाणारा तो चांगला आणि हौसेसाठी जाणारा तो उथळ, असे आपण सहज धरून चालतो. नागपूरच्या आदिती पंत 1983 साली भारतीय मोहिमेतून अंटार्क्टिकाला गेल्या, त्याचा आपल्याला अभिमान वाटतो. स्वालबार्डमध्येच 2008 पासून आपले 'हिमाद्रि' हे संशोधन केंद्र आहे, त्याचाही वाटतो, नि वाटावाच. पण चरबीच्या भट्ट्या पेटविणारे ते खलाशी कशासाठी गेले होते? कामासाठीच! पोटासाठी, मालकाच्या हुकुमाने. त्या किनाऱ्यांचे खरे नुकसान हौशी माणसाने केले नाही, कामकरी माणसाने केले. या हिशेबाने, काहीही न घेता परत येणारा प्रवासी हा तेथे गेलेल्या माणसांत सर्वांत निरुपद्रवी म्हटला पाहिजे.

म्हटलाही असता, पण 28 जुलै 2018 ची गोष्ट आड येते. एक प्रवासी जहाज स्वालबार्डच्या अगदी उत्तरेकडच्या बेटांपाशी आले. प्रवाशांना उतरविण्यापूर्वी किनारा निर्धोक आहे ना, हे पाहण्यास रक्षक पुढे गेले. अस्वल दिसले नव्हते. ते एका रक्षकावर धावून आले, त्याला जखमी केले, आणि त्याला वाचविण्यासाठी दुसऱ्यांना अस्वल मारावे लागले. त्या रक्षकाला मी दोष देणार नाही; माणसाचा जीव वाचलाच पाहिजे. परंतु अस्वल पाहावयास माणसे आली म्हणून अस्वल मेले, हे वाक्य कसेही फिरवून लिहिले तरी सरळ होत नाही. प्रवाशांपैकी कोणी बंदुकीला हात लावला नव्हता. त्यांनी नुसते पाहावयाचे ठरविले होते.

आणि धूर आहेच. तो प्रदेश जगाच्या सरासरीच्या कितीतरी पटींनी वेगाने तापतो आहे. तेथल्या डोंगरात जगभरच्या धान्यांचे बियाणे ज्या तळघरात साठविले आहे, त्याच्या बोगद्यात 2016 साली पाणी शिरले. हिमनद्या विरघळण्याआधी पाहून घेऊ म्हणून माणसे विमानाने नि जहाजाने जातात, आणि विमान नि जहाज काही हवेवर चालत नाहीत.

हे मी गृहस्थांना ऐकविले तेव्हा त्यांनी मला बरोबर पकडले. "तुम्ही दर रविवारी कान्हेरीला जाता ते? बिबट्याचं जंगल आहे ते!"

खरे आहे. आमचे नॅशनल पार्क सुमारे 104 चौरस किलोमीटरांचे, आणि भोवती मुंबई. त्यात आमच्यासारखे तिकीट काढून हवा खाणारे लाखो. आत वारल्यांचे पाडे आहेत, ते उद्यानाच्या कितीतरी आधीचे. पण जंगलात कोण उपरा याची चौकशी त्यांची होते, आमची होत नाही. तेव्हा दुसऱ्याच्या सात समुद्रांपलीकडच्या सहलीला नावे ठेवताना बोरीवलीकराने आवाज जरा खालीच ठेवावा.

तरी मी पाहण्याला सरसकट निर्दोष म्हणणार नाही, आणि पापही म्हणणार नाही. आपल्याकडे देवाचे दर्शन घेणे म्हणतात. तेथेही नुसते पाहणेच असते. पण चप्पल बाहेर ठेवावी लागते, रांगेत तिष्ठावे लागते, आणि गाभाऱ्याचा उंबरठा आला की पुष्कळ ठिकाणी थांबावे लागते. थांबल्यामुळे दर्शन उणे झाले असे कोणी म्हणत नाही. (हा उंबरठा माणसामाणसांत भेद करण्यासाठीही वापरला गेला, ते निराळे आणि लाजिरवाणे प्रकरण; येथे तो माणसाच्या उतावळेपणापुरता घ्यावा.) स्वालबार्डात 1 जानेवारी 2025 पासून असाच उंबरठा घातला आहे. संरक्षित भागांत दोनशेहून अधिक उतारू असलेल्या जहाजाने जावयाचे नाही. किनाऱ्यावर ठराविक जागीच उतरावयाचे. अस्वलापासून तीनशे मीटर दूर, आणि मार्च ते जूनपर्यंत पाचशे मीटर. लाखो रुपये मोजून गेलेल्या माणसाला हे जड जाते. पैसे दिले की आत शिरता येते, हीच सवय आपल्याला लागलेली असते.

आमच्या गृहस्थांनाही जड गेले. प्रवासाच्या पाचव्या दिवशी सगळे बूट घासून, जाकिटे चढवून, होडीत बसण्यास तयार उभे होते, तोच किनाऱ्यावर अस्वल झोपले आहे असे कळले आणि उतरणे रद्द झाले. जहाज लांबूनच वळले. बरीच कुरकुर झाली. यांनीही केली, तावातावाने केली, असे बाईंनीच सांगितले. परत आल्यावर सोसायटीच्या सभागृहात त्यांनी फोटो दाखविले. हिमकडे, वॉलरस, पक्ष्यांचे थवे, सारे भराभर सरकले. त्या वळलेल्या जहाजावरून काढलेल्या एका फोटोपाशी मात्र ते बराच वेळ थांबले. करडा किनारा, त्यावर धुके, आणि मधोमध एक पिवळट ठिपका. मागून कोणा पोराने विचारले, हेच का अस्वल? ते चष्मा पुसत म्हणाले, असावे. पण आमची ही म्हणते की तो दगड आहे.