पैजेला पंच कोण?

पोकर हा पत्त्यांचा खेळ ज्यांच्या उपजीविकेचे साधन आहे, अशा माणसांच्या जगात मुख्य डावापेक्षा डावाबाहेरच्या पैजांचीच कीर्ती कित्येकदा अधिक पसरते. आणि त्याचे कारण उघड आहे, की रोजच्या रोज लाखोंची उलाढाल करून ज्यांना पैशाची धग जाणवेनाशी झाली, त्यांना ती पुन्हा जाणवावयाची असेल तर पैशाच्या जोडीला भूक, झोप, देह किंवा एखादे व्रत पणाला लावणे भाग पडते. हॉवर्ड लेडरर या शाकाहारी खेळाडूने १०,००० डॉलरांसाठी मांसाचा बर्गर खाल्ला. पैज लावणाऱ्या डेव्हिड ग्रेला ऑलिव्हची फळे मुळीच खपत नसत. तेव्हा तीच रक्कम परत मिळविण्यासाठी ती फळे खाण्याची संधी लेडररने त्याला देऊ केली, आणि ग्रेने ती नाकारली! स्वतःच्या जिभेची किंमत माणूस दुसऱ्याच्या व्रताहून किती चढी लावतो, हे यात दिसते.

परंतु जिच्यावरून पुढील वाद झाला ती पैज इतकी गमतीची नव्हती. २०१८ च्या सप्टेंबरात लास व्हेगसच्या बेलाजिओ कॅसिनोत पत्ते खेळता खेळता रोरी यंग आणि रिच अलाटी यांच्यात असे ठरले, की अलाटीने ३० दिवस एका न्हाणीघरात, संपूर्ण अंधारात, एकट्याने काढावेत. काढले तर यंगने त्याला १,००,००० डॉलर द्यावेत, आणि मुदतीपूर्वी तो बाहेर आला तर त्याने तितकेच यंगला मोजावेत. वकिलांकरवी करारनामा झाला आणि नोव्हेंबरात दार बंद झाले. आत बिछाना, टब, शीतकपाट आणि योगासनांसाठी चटई एवढे होते. फोन नाही, दिवा नाही, संगीत नाही. जेवण उपाहारगृहातून येई, पण त्याच्या वेळा मुद्दाम अनियमित ठेवलेल्या होत्या, जेणेकरून येणाऱ्या ताटांवरून आतल्या माणसाने दिवस मोजू नयेत. काही काळाने त्याला खोलीभर बुडबुडे तरंगताना दिसू लागले. पंधराव्या दिवशी ध्वनिक्षेपकातून यंगचा आवाज आला: आत्ता बाहेर येत असशील तर ५०,००० डॉलर देतो. अलाटीने नकार दिला. विसाव्या दिवशी त्याने ७५,००० मागितले, आणि अखेर ६२,४०० वर तडजोड होऊन तो बाहेर आला.

माझे एक स्नेही दिवाणी न्यायाधीशाच्या पदावरून निवृत्त झाले आहेत आणि त्यांची भाची मनोरुग्णांवर उपचार करते. या हकिकतीवरून त्या दोघांत जे बोलणे झाले ते येथे उतरवीत आहे. माझा स्वतःचा कल लपविण्याची खटपट मी केलेली नाही.

“मला यात फिर्यादीला जागाच दिसत नाही,” न्यायाधीश म्हणाले. “दोघे सज्ञान, दोघे शुद्धीवर, दोघांची जोखीम सारखी, दस्तऐवज वकिलांनी लिहिलेला. शिवाय हार पत्करून बाहेर येण्याची मुभा ज्याला क्षणोक्षणी होती, त्याला कैदी म्हणणे हा खऱ्या कैद्यांवर अन्याय आहे.”

“सही उजेडात झाली, मामा,” भाची म्हणाली. “ज्या मनाने ती केली तेच मन पंधराव्या दिवशी त्या खोलीत होते काय? द्रौपदीने भरसभेत विचारले ते हेच ना, की धर्मराजाने मला पणाला लावले तेव्हा तो स्वतःचा तरी उरला होता का? भीष्मांनाही त्याचे उत्तर देता आले नाही.”

“तेथे एकाने दुसऱ्याला पणाला लावले होते; येथे माणसाने स्वतःलाच लावले. आणि सही करणारे मन व निभावणारे मन एकच असले पाहिजे अशी अट तू घालशील, तर एकही लग्न टिकायचे नाही, मग कर्जरोख्याची गोष्टच सोड.”

“मान्य. पण कर्जरोख्यात, किंवा लग्नातही, एकजण मोडला तर दुसऱ्याचे नुकसान होते, म्हणून तो मोडू नये अशी दुसऱ्याची इच्छा असते. येथे मित्राचे मन मोडणे हाच मित्राचा नफा. आणि जेवणाच्या वेळा, ध्वनिक्षेपक, सगळा बंदोबस्त त्या नफ्याच्या धन्याच्याच ताब्यात!”

न्यायाधीशांनी यावर दाखला काढला तो स्टेपल्स बंधूंचा, आणि तो मला बिनतोड वाटला. एक भाऊ ३०० पौंडांहून जड, दुसरा त्याच्या निम्म्याहूनही हलका. वर्षभरात दोघांची वजने एका पौंडाच्या अंतरावर येणार नाहीत, असे म्हणून बिल पर्किन्स या धनिकाने २०१७ साली त्यांना एकास पन्नास असा भाव दिला. २०१८ च्या मार्चमध्ये भाऊ काट्यावर उभे राहिले आणि ३,००० डॉलरांच्या बदल्यात त्यांनी १,५०,००० जिंकले. “थोरल्याने शंभरावर पौंड उतरविले,” न्यायाधीश म्हणाले. “हरणाऱ्यानेही समाधान मानावे अशी ही हार आहे. तेव्हा पैज लावणारा मित्राचे वाईटच चिंततो, हा तुझा सिद्धान्त टिकत नाही.”

भाचीने तो दाखला तत्काळ मान्य केला, आणि मला वाटले की वाद येथेच संपला. परंतु ती म्हणाली, “त्या पैजेत पैसे लावणाऱ्याला भावांशी बोलण्याची गरजच नव्हती. माझी अडचण त्या अंधारातल्या आवाजाशी आहे. यंगने पंधराव्या दिवशी पन्नास हजार देऊ केले ते कशापोटी, असे तुम्हांला वाटते?”

“दयेपोटी म्हण.”

“अलाटी मोडेल अशी त्याची अटकळ होती, तो मोडत नाही असे दिसल्यावर लाख जाण्यापेक्षा पन्नास हजारांवर भागवावे, हा साधा हिशेब. त्याबद्दल मी त्याला नावे ठेवीत नाही. पण समजा, त्या दिवशी त्याला खरोखरच कणव आली असती. काय म्हणाला असता तो? ‘बाहेर ये रे, मला तुझी काळजी वाटते.’ आणि नुसती हूल द्यायची असती तर? मामा, तेच शब्द, त्याच सुरात. आत बसलेल्याने त्यांतला फरक ओळखायचा कसा? त्या दोघांची ओळखच अशा टेबलावरची, जेथे हातात काही नसताना सर्व काही असल्याचा चेहरा करणे यालाच विद्या म्हणतात.”

न्यायाधीश थोडे थांबून म्हणाले, “यात आणखी एक गंमत आहे. आपल्याकडे १८७२ च्या करार कायद्याचे ३० वे कलम पैजेचा करार निरर्थक ठरविते. जिंकलेली रक्कम दाव्याने वसूल होत नाही. १९५९ साली घेरूलाल पारख यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने त्यात इतकीच भर घातली, की असा करार निरर्थक असला तरी बेकायदा नव्हे, अनीतीचाही नव्हे. मुंबई इलाख्याने तर १८६५ पासूनच पैजेला पूरक अशा करारांनाही हा बडगा दाखविला होता. म्हणजे पैजेचे देणे हे निव्वळ जबानीवर उभे असते. ज्या मंडळींची खोटे बोलण्यात हयात गेली, तीच मंडळी जबानीवर लाखोंची येणी-देणी करतात आणि बहुधा चुकतीही करतात! जुन्या काळच्या टायटॅनिक टॉम्सन या जुगाऱ्याचे सोड. तो अक्रोडात शिसे भरून तो इमारतीपलीकडे फेकण्याची पैज जिंकणारा. पण या नव्या लोकांना तशी लबाडी हलकी वाटते.”

“त्यांनी दोन भाषा नीट वेगळ्या ठेवल्या आहेत,” भाची म्हणाली, “डावाची आणि देण्याची. ‘मी देणे लागतो’ असे म्हटले की कोणी शंका घेत नाही. काळजीला मात्र त्यांच्याकडे वेगळी भाषा नाही. ती डावाच्याच भाषेत बोलावी लागते, आणि म्हणून ऐकणारा तिची किंमत वाढवून मागतो. अलाटीने नेमके तेच केले.”

“आणि बारा हजार चारशे जास्तीचे मिळविले.” न्यायाधीशांना हसू आवरले नाही. “बरे, तुझा निवाडा काय? पैजच होऊ देऊ नये?”

“होऊ द्यावी. मात्र ध्वनिक्षेपक अशाच्या हाती असावा, की ज्याचा एक पैसाही कोणत्याच बाजूला अडकलेला नाही. तो ‘आता पुरे’ म्हणाला, तर निदान ते खरे असेल.”

“म्हणजे पंच. तूच हो की! कितव्या दिवशी पुरे म्हणशील?”

“बुडबुडे दिसू लागल्याच्या दिवशी.”

“मग तुला पंच कोणीच नेमणार नाही,” न्यायाधीश म्हणाले. “आणि पहिली हरकत यंग घेईल असे समजू नकोस; ती आतल्या माणसाचीच येईल, कारण ज्याच्या दयेपोटी तू दार उघडशील, बासष्ट हजार त्याचेच बुडतील.”