जोडाक्षर

झल्लाकला आम्ही बहुतेक शुक्रवारी संध्याकाळी जातो. बहरीनच्या पश्चिम किनाऱ्यावरचं हे गाव. समुद्र उथळ, लाटांचा आवाज जवळजवळ नाहीच, आणि ओहोटीला पाणी पार लांब जातं. सासूबाई गुहागरच्या. त्यांना हा किनारा आवडतो, कारण इथं सूर्य पाण्यात मावळतो. मनामात तो इमारतींमागे जातो, आणि ते काही मावळणं नव्हे, असं त्या म्हणतात.

मागच्या हिवाळ्यात तिथं चटई टाकून बसलो होतो. आठ वर्षांच्या लेकीनं मराठीचं पुस्तक बरोबर घेतलं होतं. शाळेत तिला अरबी आहे, मराठी मी शिकवते. साधी अक्षरं ती भराभर वाचते, जोडाक्षर आलं की अडते. ‘विठ्ठल’ तिनं ‘विठल’ वाचलं. दोनदा सांगूनही तेच. मग तिनंच विचारलं, “म्हणजे इथं शद्दा आहे का?” अरबीत अक्षर दुहेरी म्हणायचं असलं की त्याच्या डोक्यावर शद्दा नावाची छोटी खूण देतात. मी हो म्हटलं. तिनं नीट वाचलं आणि शंख शोधायला पळाली.

मला विनोबा आठवले. 1932 साली धुळ्याच्या तुरुंगात ते दर रविवारी गीतेवर बोलत आणि साने गुरुजी ते उतरवून घेत. त्याच साली इकडे जबल दुखानच्या पायथ्याशी तेल लागलं, ज्याच्या मागोमाग आमच्यासारखी घरं या बेटावर आली. दहाव्या अध्यायावर बोलताना विनोबांनी सृष्टीला पुस्तक म्हटलं. मूल जसं आधी मोठी, ठळक अक्षरं शिकतं, मग बारीक, आधी साधी आणि मग जोडाक्षरं, तसा देव वाचायला शिकावा लागतो. आई हे ठळक अक्षर. गुरू, संत, लहान मूल, सूर्य, नदी, हीसुद्धा. राम सोपा, रावण जोडाक्षर.

हे वाचेपर्यंत ‘देव सगळीकडे आहे’ हे वाक्य मी लहानपणापासून नुसतं ऐकत आले होते. ते खोटं कधी वाटलं नाही, पण त्यानं काही केलंही नाही. विनोबांनी ते श्रद्धेच्या खात्यातून काढून अभ्यासाच्या खात्यात घातलं. अभ्यास म्हटला की चुका आल्या, अडणं आलं, उद्या पुन्हा बसणं आलं. ही प्रवचनं लिहून घेणाऱ्या हातानंच पुढच्या वर्षी, 1933 मध्ये, नाशिकच्या तुरुंगात ‘श्यामची आई’ लिहिली. पहिलं अक्षर गुरुजींनी फार मन लावून गिरवलं, असं मला नेहमी वाटतं.

पण दहावा अध्याय मुळातून पाहिला तर तिथं घर नाही. पर्वतांत मेरू, नद्यांत गंगा, झाडांत अश्वत्थ, पशूंत सिंह, म्हणजे जे जे थोर त्यात देव. हा देव आपल्या स्वयंपाकघरात आला तो वारकरी संतांमुळे. ज्ञानदेवांनी 1290 मध्ये गीता मराठीत आणली आणि त्याच पिढीत अरणच्या सावतोबांना विठोबा भाजीच्या मळ्यात भेटला, जनाबाईला दळताना, शेण्या वेचताना. इथं मला एक गोष्ट फार मोलाची वाटते. या मंडळींनी ‘सगळ्यात’ देव शोधला नाही. ज्याच्या हातात जे काम होतं, त्यात शोधला. सावतोबांनी खुरपं टाकून पंढरीची वाट धरली नाही.

तरीही एक कथा मला सुटत नाही. तेरचे गोरोबाकाका माती तुडवत होते, तोंडी नाम होतं, आणि रांगतं मूल चिखलात आलेलं त्यांना कळलं नाही. पुढे विठ्ठलानं मूल परत दिलं, असं कथा सांगते. कीर्तनात ही तल्लीनतेची कथा म्हणून ऐकली होती. आई झाल्यावर ऐकवेना. मातीत देव दिसत होता आणि पायाखाली मूल होतं. ज्यांनी ही कथा जपली, त्यांनी हा धोका ओळखूनच जपली असावी, असं आता माझं मत झालंय.

कारण माझ्या बाल्कनीत तसंच घडलं.

उन्हाळ्यात इथली हवा इतकी दमट असते की एसीच्या नळीतून रात्रभर पाणी ठिबकतं आणि सकाळी बादली भरलेली असते. ते पाणी वाया जाऊ द्यायचं नाही, हे सासूबाईंनी आल्या आल्या ठरवलं. पहाटे पाचला तांब्या घेऊन त्या कढीपत्त्याला पाणी घालायच्या. बादलीच्या काठावर पांढऱ्या गालांचा बुलबुल यायचा. तो पाणी पिऊन उडेपर्यंत त्या तांब्या बुडवत नसत. मी दारातून बघायची. माझं ठळक अक्षर तेच होतं.

मग त्यांचा विसर वाढला. पाणी घातलं हे विसरून त्या पुन्हा घालायच्या, आठला पुन्हा. कुंडीत पाणी साचलं, पानं पिवळी पडली, मुळं कुजली. एका सकाळी मी ओरडले, “आई, किती वेळा सांगायचं तुम्हाला?” त्यांनी तांब्या खाली ठेवला. हात पदराला पुसले आणि आत गेल्या.

दुसऱ्या दिवशी त्यांना माझं ओरडणं आठवत नव्हतं. नेहमीसारखा चहा मागितला, नातीची वेणी घातली. पण बादलीकडे गेल्या नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाही. काय झालं ते विसरल्या होत्या, तिथं काहीतरी लागलं होतं एवढं राहिलं होतं.

दसऱ्याला त्यांना वाळवंटातलं ते प्रसिद्ध एकटं झाड दाखवायला नेलं, शजरत अल-हयात. चारशे वर्षांहून जुनं मानतात, म्हणजे तुकोबा भंडाऱ्यावर बसायचे त्या काळातलं. भोवती नुसती वाळू. घाफ म्हणतात त्याला इथं. सासूबाईंनी वाऱ्यानं पडलेली एक बारीक डहाळी उचलली, पानं बोटांत चोळली आणि म्हणाल्या, “अगं, ही तर शमी.” खरंच शमी. आज वार कोणता हे त्यांना सांगता येत नव्हतं. त्यांनी हात जोडले, मग डहाळी माझ्या हातात दिली आणि म्हणाल्या, “सोनं घे.”

मी ती घेतली. तिथंच त्यांच्या पाया पडले, आणि त्या दिवसाबद्दल माफी मागितली. कशाबद्दल ते त्यांना कळलं नाही. “उठ, वाळू लागेल,” म्हणाल्या.

आता बादली भरली की तांब्या मीच त्यांच्या हातात देते. दुसऱ्यांदा मागितला तरी देते, तिसऱ्यांदाही. बुलबुल येतो. कढीपत्त्याची कुंडी मी काढली आणि तिथं अळू लावलंय. त्याला पाणी कितीही चालतं.