नियत आणि शिसे

‘नियत साफ असली की पुढचे अल्ला बघून घेतो.’ हे वाक्य आम्ही लहानपणापासून ऐकत आलो आहोत. आईच्या तोंडून ऐकले, मदरशातल्या उस्तादांकडून ऐकले, आणि पुढे आम्हीही आमच्या मुलांना ते ऐकवले. कर्माचे मोल नियतीवर ठरते ही शिकवण मनात इतकी मुरलेली आहे की तिच्याविषयी कधी प्रश्न पडला नव्हता. तो पडला घरापासून फार दूर, एका खाऱ्या तळ्याच्या काठी.

झाले असे, की आमच्यातल्या एकाचा भाचा सायप्रस बेटावर लिमासोल शहरात जहाज कंपनीच्या कचेरीत नोकरी करतो. कोकणातल्या आमच्या मुलांना समुद्र नवा नाही. पूर्वी बोटीवर जात, आता बोटींचा हिशेब ठेवायला जातात. त्याने बोलावले आणि २०२३ च्या जानेवारीत आम्ही चौघे निघालो. चौघेही निवृत्त. पक्षी पाहण्याचा नाद उतारवयात लागलेला. दुर्बीण गळ्यात घालून शिवडीच्या धक्क्यावर ओहोटीची वाट पाहत बसणाऱ्यांतले आम्ही.

भूमध्य समुद्राच्या पूर्व टोकाला असलेले हे बेट युरोप, आशिया आणि आफ्रिका यांच्यामधल्या पक्ष्यांच्या वाटेवर पडते. वसंतात आणि शरदात कोट्यवधी पक्षी या वाटेने येतात-जातात. काही थंडीपुरते तिथेच थांबतात. लार्नाका शहराला लागून एक खारे तळे आहे. उन्हाळ्यात ते आटते आणि तळाशी मिठाचा पांढरा थर उरतो. पावसाळा तिथे हिवाळ्यात असतो. तेव्हा तळे भरते, पाण्यात कोळंबीच्या जातीचे बारीक जीव वाढतात आणि ते खायला तुर्कस्तान, इराणकडून रोहित पक्षी येतात. नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत त्यांचा मुक्काम. एखाद्या वर्षी दहा-दहा हजार. २००१ साली या तळ्याला रामसर यादीत स्थान मिळाले.

तळ्याविषयी तिथे एक दंतकथा सांगतात. ईसा अलैहिस्सलामांनी ज्याला मृत्यूतून उठवले, तो लाझरस पुढे या बेटावर आला अशी ख्रिस्ती लोकांची श्रद्धा आहे. वाटेत त्याला तहान लागली. द्राक्षमळ्याच्या मालकिणीकडे त्याने मूठभर द्राक्षे मागितली. तिने नाही म्हटले, आणि मळ्याचे मिठागर झाले. पाहुण्याला विन्मुख पाठवू नये, एवढाच तिचा अर्थ.

त्याच तळ्याच्या पश्चिम काठावर खजुरीच्या झाडांत हाला सुलतान तेक्के आहे. घुमट, एक मिनार आणि आत हजरत उम्म हराम यांची मजार. त्या मदिनेच्या अन्सारांपैकी, हजरत अनस यांच्या मावशी. हजरत उस्मान यांच्या खिलाफतीत मुसलमानांचे आरमार प्रथमच समुद्र ओलांडून या बेटावर आले तेव्हा त्याही पतीसोबत होत्या. इथे खेचरावरून पडून त्यांचा इंतकाल झाला, असे इतिहास सांगतो. तुर्की भाषेत ‘हाला’ म्हणजे आत्या. साडेतेराशे वर्षांपूर्वी समुद्र पार करून आलेली एक वृद्ध पाहुणी आणि दर हिवाळ्यात येणारे हे हजारो गुलाबी पाहुणे असे शेजारी-शेजारी. आम्ही फातिहा पढली आणि बाहेर आलो. आवाराच्या भिंतीवर एक काळसर पक्षी शेपूट थरथरवत बसला होता. थिरथिरा! आमच्या परसातला. दिवाळीच्या सुमारास आमच्याकडे येतो आणि होळीनंतर जातो. घरचे माणूस परगावी भेटावे तसे वाटले.

तो आनंद मनात घेऊनच आम्ही तळ्याकडे वळलो. रोहितांचा थवा काठापासून बराच आत होता. आमच्यातल्या एकाकडे नवा कॅमेरा होता. थोडे पुढे जाऊ या, आणखी थोडे, असे करत आम्ही पायवाट सोडून मऊ चिखलात उतरलो. माना वर झाल्या. आम्हाला वाटले, आपल्याकडे पाहताहेत. आणखी चार पावले टाकली आणि अख्खा थवा उठला. बंद पंखांत दडलेला लाल-काळा रंग एकदम आभाळभर पसरला. आम्ही अक्षरशः ‘सुभानअल्ला’ म्हणालो. एकाने टाळ्याही वाजवल्या.

मागे वाटेवर एक म्हातारे गृहस्थ दुर्बीण लावून उभे होते. तिथलेच रहिवासी. ते रागावले नाहीत. जवळ बोलावून शांतपणे म्हणाले, “त्यांना खायला दिवसाचे मोजकेच तास मिळतात. थंडीत एकदा उडाले की तेवढी चरबी जळते. तुमच्यासारखे दिवसातून वीस जण येतात, आणि सगळेच प्रेमाने येतात.”

शेवटचे चार शब्द आम्हाला लागले. आमची नियत काय होती? प्रेमच होते. मग जे झाले ते काय होते?

मग त्या गृहस्थांनी तळ्याच्या तळाशी काय आहे ते सांगितले. २०२०-२१ च्या हिवाळ्यात दोनेक महिन्यांत या पाणथळीत किमान ९६ रोहित मेलेले सापडले. कारण निघाले शिसे. रोहित चिखल गाळून खातो. अन्न दळले जावे म्हणून पक्षी बारीक खडे गिळतात, ते पोटातल्या पेषणीत राहतात. चिखलात बंदुकीचे शिशाचे छर्रे पडलेले असतील तर पक्ष्याला तेही खडेच वाटतात. पेषणीत ते झिजतात, शिसे रक्तात उतरते, अंगातली शक्ती जाते आणि पक्षी मरतो. तळ्याच्या उत्तर टोकाजवळ पूर्वी हौशी नेमबाजांचे मैदान होते. तिथे पक्षी मारत नसत, हवेत फेकलेल्या मातीच्या तबकड्या फोडत. मैदान बंद होऊन तेव्हा जवळजवळ अठरा वर्षे झाली होती, छर्रे एकदा साफही केले होते. तरी शिसे सापडलेच. दक्षिण टोकाला बदकांच्या शिकारीची मुभा होती, तिथल्या गाळातही सापडले.

इथे थांबून विचार करण्यासारखे आहे. त्या नेमबाजांपैकी एकानेही रोहितावर नेम धरला नव्हता. रविवारी सकाळी येऊन, तबकड्या फोडून, ते घरी बायकामुलांत जेवायला जात असतील. काही तर आज हयातही नसतील. गोळी सुटली एका पिढीत आणि लागली दुसऱ्या पिढीत, आणि ज्याला लागली त्याच्यावर ती रोखलेलीच नव्हती. या ९६ जिवांचा हिशेब कोणाच्या वहीत लिहायचा? नियतीचा निकष लावला तर सगळे सुटतात. पक्षी मात्र मेलेलेच राहतात.

याच बेटावर दुसरी एक गोष्ट आहे, तिथे निवाडा सोपा वाटतो. डोक्यावर काळी टोपी असलेला एक इवलासा गाणारा पक्षी तिथे धरून खातात. त्या पदार्थाच्या ग्रीक नावाचा अर्थच ‘द्राक्षमळ्यातले पक्षी’. बारीक जाळी लावतात, नाहीतर काड्यांना लासा फासून झाडात ठेवतात. पक्षी बसला की चिकटला. कायद्याने हे १९७४ पासून बंद आहे, पण चोरून चालते. १९६० साली बेट स्वतंत्र झाले तेव्हा ब्रिटिशांनी दोन लष्करी तळ स्वतःकडे ठेवले. त्यांतल्या एकाच्या हद्दीत तर पक्ष्यांना भुलवण्यासाठी बाभळीच्या जातीची झाडे लावून, पाणी घालून वाढवलेली होती. तळाच्या अधिकाऱ्यांनी ती तोडायला घेतली तेव्हा गावकऱ्यांनी विरोध केला. अलीकडच्या वर्षांत कडक पहाऱ्यामुळे त्या भागातला हा धंदा पुष्कळ कमी झाला आहे.

भाच्याच्या ओळखीच्या एकाने आम्हाला लासा कशाचा करतात ते सांगितले. एका झाडाची चिकट फळे उकळून. त्याने झाड दाखवले आणि आम्ही चमकलो. ते आमचे भोकर! ज्याचे लोणचे आमच्या आज्या दरवर्षी घालत, ज्याच्या चिकट गराने आम्ही शाळेत वह्या चिकटवल्या. तेच फळ तिथे पक्ष्याचे पाय धरून ठेवते. फळात ना पाप ना पुण्य. चिकटपणा एवढाच त्याचा धर्म.

लासा लावणाऱ्याची बाजूही ऐकली पाहिजे. त्याच्या आजोबांच्या काळी हेच गरिबाघरचे मांस होते. व्हिनेगरमध्ये मुरवून ते टिकवत. आज ती गरज उरली नाही, उरली आहे चव आणि पैसा. आम्ही त्याचे समर्थन करत नाही. पण एक गोष्ट कबूल केली पाहिजे. आपण काय करतो आहोत हे त्याला ठाऊक आहे. पक्षी त्याच्या हातात तडफडतो. उद्या त्याला लाज वाटली तर तो थांबू शकतो. तबकड्या फोडणाऱ्याला लाज वाटण्याची सोयच नाही, कारण त्याने काही पाहिलेलेच नाही. आणि टाळ्या वाजवणाऱ्या आम्हालाही नव्हती.

उलट दिशेचे उदाहरण आमच्याच मुंबईचे आहे. १८९६ साली जन्मलेल्या एका मुलाने लहानपणी हवेच्या बंदुकीने एक चिमणी मारली. तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता. असली चिमणी मुसलमानाने खावी की नाही, हा त्याला पडलेला पहिला प्रश्न! मामा अमीरुद्दीन तय्यबजींनी त्याला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत पाठवले. तिथे मिलर्ड साहेबांनी पक्ष्याचे नाव सांगितले आणि पेंढा भरलेल्या पक्ष्यांचे कपाट उघडून दाखवले. तो मुलगा म्हणजे डॉ. सालिम अली. नियत शिकारीची होती, फळ मात्र एका देशाला आपले पक्षी ओळखता येण्यात झाले. म्हणजे नियत आणि परिणाम यांची गाठ दोन्ही बाजूंनी सैल आहे. वाईट हेतूतून चांगले निघते, निर्मळ हेतूतून मरण.

मग नियत व्यर्थ आहे का? त्या रात्री लिमासोलच्या त्या छोट्या घरात आम्ही यावर उशिरापर्यंत बोललो. एकाचे म्हणणे, असा हिशेब मांडत बसलो तर माणसाने जगायचेच नाही. आपण विमानाने आलो, त्याचा धूर कोणाच्या नावावर? हा आक्षेप खोटा नाही. जे कळणेच शक्य नव्हते त्याचा जाब माणसाला विचारता येत नाही, हे आम्हालाही मान्य. पण दुसऱ्याने वझूची आठवण दिली. वझू करताना नियत तर बांधायचीच. पण पाणी नापाक असेल तर नियत कितीही पाक असो, वझू होत नाही. म्हणून आपण आधी पाणी पाहतो. पाणी पाहणे हे नियतीच्या बाहेरचे काम नव्हे, ते तिच्यातच आले. ज्याला खरोखर नमाज पढायची आहे तो पाणी पाहिल्याशिवाय राहणार नाही.

आम्हाला वाटते, इतकी वर्षे आम्ही नियत या शब्दाचा अर्थ अर्धाच घेतला. मनात वाईट नसणे म्हणजे नियत साफ असणे, असे समजलो. मनात वाईट नसणे फार सोपे आहे, झोपलेल्या माणसाच्याही मनात वाईट नसते. आपल्या हातून निघालेली वस्तू कुठे जाऊन पडते हे शोधण्याची तसदी घेणे, हा नियतीचा उरलेला अर्धा भाग. पहिल्यांदा थवा उडाला ती आमची भूल होती. तो कशाने उडाला हे कळल्यावर पुन्हा चिखलात उतरलो असतो, तर तो गुनाह झाला असता. दोहोंमध्ये अंतर आहे ते कळण्याचे. आणि न कळणे सोयीचे आहे म्हणून कळून न घेणे, हे भुलीच्या खात्यात जमा होत नाही.

आणखी एक. दोष कोणाचा आणि काम कोणाचे, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. गाळातले छर्रे ज्यांनी शोधले, त्यांनी ते झाडलेले नव्हते. दोषी सापडेपर्यंत थांबायचे असते तर छर्रे तिथेच राहिले असते आणि दर हिवाळ्यात पक्षी मरत राहिले असते. आम्ही परतल्यावर महिन्याभरात, १५ फेब्रुवारी २०२३ पासून, युरोपीय संघात पाणथळ जागी शिशाचे छर्रे झाडायला बंदी झाली. आधी पडलेले छर्रे बंदीने वर येत नाहीत. ते कोणाला तरी हाताने वेचावे लागतात.

परक्या बेटाला नावे ठेवून घरी येणे सोपे. ठाण्याच्या खाडीत दर हिवाळ्यात रोहित येतात. २०१५ साली तिथे अभयारण्य झाले, २०२२ साली तीही रामसर यादीत गेली. मे २०२४ मध्ये घाटकोपरला उतरणाऱ्या विमानाची धडक बसलेले चाळीसएक रोहित वस्तीत पडलेले सापडले. वैमानिकाची नियत कोण काढील? प्रवाशांची तरी काय चूक? आमच्या मोऱ्या, आमचे कारखाने, आमच्या ईदच्या आणि सणांच्या दुसऱ्या दिवशीच्या प्लास्टिकच्या पिशव्या, सगळे त्याच खाडीला मिळते. आणि आम्हा सगळ्यांची नियत साफ आहे.

कुरआनाने पक्ष्यांना माणसांसारख्याच उम्मती म्हटले आहे. उम्मत म्हटले की शेजार आला, आणि शेजाऱ्याचा हक्क आला. तो हक्क आपल्या भल्या मनाने फिटत नाही.

सायप्रसहून आणलेला रोहितांचा एकही चांगला फोटो आमच्याकडे नाही. दुसऱ्या दिवशी आम्ही पुन्हा तळ्यावर गेलो आणि वाटेवरच उभे राहिलो. फोटोत पाणी आहे, पलीकडे तेक्केचा घुमट आहे आणि मध्ये गुलाबी ठिपक्यांची एक ओळ आहे. पाहुणे विचारतात, हे काय? आम्ही सांगतो, ते पक्षी आहेत, खात आहेत.