शून्याला कुणी हरकत घेतली नव्हती

पुण्यातल्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात मुलांना शिकवताना हाताशी असावा म्हणून सरांनी एक छोटा डीबगर लिहिला होता. डीबगर म्हणजे दुसऱ्या चालत्या प्रोग्रॅमला मध्येच थांबवून त्याची मेमरी आणि रजिस्टरं उघडून दाखवणारा प्रोग्रॅम. लिनक्सवर तो वर्षानुवर्षं बिनबोभाट चालत होता. पुढे नेटवर्कच्या प्रयोगशाळेत फ्रीबीएसडी ही दुसरी ऑपरेटिंग सिस्टिम आली आणि तिथल्या मुलांनाही तो हवासा झाला. सरांनी हे काम तिसऱ्या वर्षातल्या एका मुलीकडे दिलं. मुलगी हुशार होती आणि कामाला झपाट्याची.

वरवर बघता काम सोपं होतं. दोन्हीकडे कर्नलला, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याला, विनंती करायची ती पीट्रेस याच सिस्टिम कॉलमधून. त्याला चार गोष्टी द्यायच्या: काय करायचं, कोणत्या प्रोसेसवर, कोणता पत्ता आणि कोणता डेटा. लिनक्सवर ‘पुढे चालू कर’साठी पीट्रेस_कॉन्ट, फ्रीबीएसडीवर पीटी_कंटिन्यू. तिने वरच चार मॅक्रो लिहून नावांची अदलाबदल केली. रजिस्टरं मागताना लिनक्स पॉइंटर चौथ्या जागी घेतं, फ्रीबीएसडी तिसऱ्या जागी. तिथे कंपायलरनेच आरडाओरडा केला, तिने जागा बदलल्या. संध्याकाळपर्यंत सगळं कंपाइल झालं.

तपासायचा प्रोग्रॅम सुरू होताच थांबला, तसा थांबायलाच हवा होता. तिने ब्रेकपॉइंट, म्हणजे थांबण्याची खूण, लावला, ‘पुढे चल’ म्हणून आज्ञा दिली आणि समोर सेगमेंटेशन फॉल्ट. पुढची सूचना कुठून घ्यायची ते आरआयपी रजिस्टरात असतं, आणि त्यात होतं शून्य.

तिचा पहिला संशय ब्रेकपॉइंटवर गेला, आणि ते साहजिक होतं. तिथली कसरत नाजूक असते. मूळ सूचनेचा पहिला बाइट बाजूला ठेवून तिथे हेक्समधला सीसी लिहायचा. प्रोसेसर त्यावर अडकला की आरआयपी एक बाइट पुढे गेलेला असतो, तो मागे घ्यायचा, मूळ बाइट परत ठेवायचा, एकच पाऊल टाकू द्यायचं आणि सीसी पुन्हा लिहायचा. तिने सगळे ब्रेकपॉइंट काढून पाहिले. तरीही तेच शून्य. मग रजिस्टरांच्या रचनेवर संशय घेतला, कारण दोन्हीकडे ती वेगळी आहे. पण ‘पुढे चल’ म्हणण्याआधी आरआयपी अगदी बरोबर दिसत होता.

शेवटी ती सरांकडे गेली. “सर, मला वाटतं कर्नलमध्येच काहीतरी गडबड आहे. हाच कोड लिनक्सवर चालतो.”

सरांनी ‘पुढे चल’साठीची पीट्रेसची ओळ वाचली. “हे तिसऱ्या जागी शून्य कशासाठी आहे?”

“ते आधीपासूनच आहे, सर. तुम्हीच लिहिलंय.”

“मीच लिहिलंय. कशासाठी ते सांग.”

तिला सांगता येईना. “लिनक्स तिथे बघतच नाही,” ती म्हणाली.

“बरोबर. तिथे शून्य दे नाहीतर सात दे, लिनक्स विचारणार नाही. मग शून्य बरोबर आहे हे आपल्याला कुणी सांगितलं? फ्रीबीएसडीचं मॅन पेज उघड बघू.”

त्या माहितीच्या पानावर स्वच्छ लिहिलं होतं. पीटी_कंटिन्यूला दिलेला पत्ता म्हणजे प्रोसेसने जिथून पुढे चालायचं ती जागा. थांबली होती तिथूनच चालवायची असेल तर १ द्यायचा. म्हणजे कर्नलची काहीच चूक नव्हती. आपण शून्यावर जा म्हटलं, ती प्रोसेस शून्यावर गेली. कंपायलरही बोलला नाही, कारण सी भाषेत शून्य हा पॉइंटर म्हणून बिनतक्रार चालतो.

हा १ विचित्र वाटतो, पण त्याची मुळं १९७९ सालच्या सातव्या आवृत्तीच्या युनिक्समध्ये आहेत, तिथेही पीट्रेसला तो असाच द्यायचा. तेव्हाच्या पीडीपी-११ यंत्रावर प्रोग्रॅम शून्य पत्त्यापासूनच सुरू होई, त्यामुळे शून्य ही खरीखुरी जागा होती. सूचना मात्र सम पत्त्यावरच असत, म्हणून १ या पत्त्यावर कधीच काही चालणार नव्हतं. मला हे फार महत्त्वाचं वाटतं. परक्या सिस्टिमची एखादी रीत आपल्याला चमत्कारिक दिसते, तेव्हा तिच्यामागे बहुतेक वेळा कुणीतरी नीट विचार केलेला असतो.

मुलीचा चेहरा खुलला. ती लगेच ठिकठिकाणी ‘फ्रीबीएसडी असेल तर १, नाहीतर ०’ अशा अटी घालायला निघाली. सरांनी थांबवलं. “हा फरक साऱ्या कोडभर पसरू नकोस. वरच्या कोडने फक्त ‘चालू कर’ म्हणावं. कसं करायचं ते त्या त्या सिस्टिमच्या फाइलला ठाऊक असू दे. उद्या मॅकवर जायचं म्हटलंस तर तिथे पीट्रेस नावाला आहे, पण मेमरी वाचायला त्याचा उपयोग नाही. ती माख कर्नलकडे वेगळ्या वाटेने मागावी लागते. सोलारिसवर तर हे सगळं स्लॅश-प्रॉकमधल्या फाइलींतून चालतं. तेव्हा या अटी कुठे कुठे शोधत बसशील?” जीडीबी या नावाजलेल्या डीबगरमध्ये हे काम अशाच वेगळ्या फाइलींत वाटलेलं आहे आणि पीट्रेसच्या सामाईक फाइलीत तिसऱ्या जागी १ दिलेला आहे. लिनक्सला तो खटकत नाही, बीएसडीला तो हवाच असतो.

तिने तसं केलं. डीबगर चालू लागला, साऱ्या चाचण्या पार पडल्या. सर म्हणाले, “सोमवारी प्रयोगशाळेत देऊन टाकू.”

इथे बहुतेक जण थांबतात, आणि त्यांना बोल लावता येत नाही. ती मात्र मॅन पेज पुढ्यात घेऊन बसली. डीबगरमधला पीट्रेसचा प्रत्येक कॉल तिने काढला आणि जे चालत होतं तेही एकेक करून पडताळलं.

मेमरी वाचण्याच्या कॉलपाशी ती थबकली. ६४ बिटांच्या लिनक्सवर एका वाचनात आठ बाइट मिळतात. फ्रीबीएसडीचा पीटी_रीड_आय एक इंट देतो, म्हणजे चारच बाइट. लिहितानाही चारच. ब्रेकपॉइंट चालत होते कारण सीसी हा एकच बाइट, आणि तो त्या चारांत बसत होता. चाचण्या पार पडत होत्या कारण त्यांतल्या चलांच्या किमती लहान होत्या, वरचे चार बाइट मुळातच शून्य. पण पहिल्याच वर्गात कुणी लिंक्ड लिस्ट उघडून पॉइंटर पाहिला असता, तर त्याला अर्धाच पत्ता दिसला असता, आणि चूक आपल्याच प्रोग्रॅमात आहे असं समजून ते पोर तासभर डोकं धरून बसलं असतं.

ती सरांकडे गेली आणि म्हणाली, “सर, सोमवारी नको. मला अजून थोडे दिवस द्या.” सरांनी कारण ऐकलं आणि दिले.

तिने ते वाचन पीटी_आयओवर नेलं, त्यात हवे तितके बाइट एकदम मागता येतात. मग चार बाइटांत न मावणारा पॉइंटर घेऊन एक नवी चाचणी लिहिली. तीच चाचणी लिनक्सवरही चालवली. तिथे ती पहिल्या फटक्यात पार पडली, तरी तिने ती लिनक्सच्या चाचण्यांतही घातली.