राज्य कशावर उभे असते?

राज्य कशाच्या बळावर टिकते? पोलीसठाणे, कचेरी, तुरुंग आणि तिजोरी यांच्या बळावर, असे उत्तर सहज ओठांवर येते. ते अपुरे आहे, याचा अनुभव सातारा-सांगलीच्या भूमीने एकदा घेतला आहे. त्या वेळी आजच्या सांगली जिल्ह्याचा बराच भाग सातारा जिल्ह्यातच होता.

सप्टेंबर १९४२ मध्ये शेतकऱ्यांचे मोर्चे तालुका कचेऱ्यांवर गेले. वडूज व इस्लामपूर येथे गोळीबार झाला, माणसे मृत्युमुखी पडली. सरकारची शस्त्रे शाबूत होती. परंतु खेडुतांच्या मनातून ते सरकार उतरले होते. त्यातच दरोडेखोर आणि गावगुंड माजले. सारा वसूल करणारा हात दारापर्यंत पोहोचावा आणि रक्षण करणारा हात मात्र पोहोचू नये, ही दुर्बळ राज्याची खूण आहे. आजही अनेक गरीब देशांत ती दिसते.

या पोकळीत १९४३ मध्ये क्रांतिसिंह नाना पाटील यांच्या नेतृत्वाखाली प्रतिसरकार उभे राहिले. कुंडलचे जी. डी. लाड, वाळव्याचे नागनाथ नायकवडी असे तरुण त्यात होते. न्यायदान मंडळे गावातच तंटे मिटवू लागली, थोड्या खर्चात लग्ने लागू लागली, गुंडांना जरब बसली. लोकांनी या कार्यकर्त्यांना भाकरी दिली, आसरा दिला. नाना पाटील अखेरपर्यंत सरकारच्या हाती लागले नाहीत. जवळ मिळणारा, परवडणारा आणि समजणारा न्याय लोकांना आपला वाटतो, हे त्यातून दिसले.

तथापि एक प्रश्न मनाला टोचत राहतो. गुन्हेगाराच्या तळपायांवर काठीचे फटके मारले जात; त्यावरूनच ‘पत्री सरकार’ हे नाव रूढ झाले, असे सांगतात. समजा, फटके खाणारा निर्दोष असेल, तर त्याने दाद कोठे मागावी? हेतू शुद्ध असला तरी, ज्याच्या निर्णयावर कोणी प्रश्न विचारू शकत नाही अशा हाती काठी देणे नीतीच्या दृष्टीने धोक्याचेच ठरते.

१९४६ मध्ये मुंबई प्रांतात लोकनियुक्त मंत्रिमंडळ आले आणि भूमिगत कार्यकर्ते उघड्यावर आले. नाना पाटील पुढे १९५७ मध्ये निवडणुकीच्या मार्गाने लोकसभेत गेले. समांतर सत्ता वेळेवर विसर्जित झाली. १९९१ मध्ये सोमालियातील राजवट कोसळली, तेव्हा सशस्त्र गटांना हे साधले नाही आणि देश उद्ध्वस्त झाला. त्याच देशाच्या उत्तर भागात मात्र १९९३ मध्ये बोरामा येथे जमातींचे वडीलधारे महिनोन्महिने एकत्र बसले आणि त्यांनी बोलणी करून शांतता उभारली.

राज्याचे बळ बाहेरून आणून बसवता येत नाही. शेताच्या बांधाचा तंटा न्यायालयात रखडतो म्हणून आपण एखाद्या ‘भाऊ’च्या दारी जातो, काम लवकर व्हावे म्हणून टेबलाखालून पाकीट सरकवतो. त्या क्षणी आपलेच राज्य आपण थोडे पोखरत असतो. न्याय दारापर्यंत यावा, ही आपली मागणी रास्तच आहे. पण तो येईपर्यंत धीर धरण्याची आणि त्यासाठी झटण्याची आपली तयारी आहे काय?