दोष आणि दोषी

माणसाला दोष सापडला नाही तरी चालतं, पण दोषी सापडायलाच हवा. हे तत्त्वज्ञान मी कुठल्या ग्रंथात वाचलेलं नाही. ते मला मालवणच्या धक्क्याला बांधलेल्या एका होडीत, गुडघे पोटाशी घेऊन बसलेलो असताना सुचलं. एका हातात पकड, दुसऱ्या हातात स्टिरिओची काळी वायर आणि दातात चिकटपट्टी, अशी तेव्हा माझी अवस्था होती. बोलता येत नसलं की माणूस विचार करतो, तो असा.

होडी भाऊची. भाऊ माझा वर्गमित्र. पावसाळा सरला की तो पर्यटकांना सिंधुदुर्ग किल्ल्यावर नेतो-आणतो. १६६४ साली त्या किल्ल्याचं बांधकाम सुरू झालं, तेव्हापासून तिथे जाणाऱ्या कुणाचं गाण्यावाचून अडल्याचं ऐकिवात नाही. पण शेजारच्या होडीवर गाणी वाजू लागली आणि भाऊचं अडलं. त्याने मोटारीत बसवतात तसला एक स्टिरिओ आणला. बसवायला वायरमन बोलवायचा, तर भाऊ म्हणाला, "वायरमन कित्याक? आपलो मास्तर आसा मा!"

मी तीस वर्षं शाळेत शास्त्र शिकवलं. विद्युतधारा गुणिले रोध बरोबर विभवांतर, हा ओहमचा नियम मी झोपेतही सांगू शकतो. वर्गातली निम्मी मुलं तो झोपेतच ऐकत असत. तेव्हा मी नाही कसं म्हणणार? सोबतच्या कागदावर लिहिलं होतं : पिवळी वायर बॅटरीला, लाल बटणाला, काळी गाडीच्या बॉडीला. मोटारीचं अंग पत्र्याचं. वीज त्या पत्र्यातूनच बॅटरीकडे परत जाते. भाऊच्या होडीचं अंग फायबरचं. त्यातून वीज काय, दया-मायाही जात नाही. म्हणून दिव्याची एक काळी वायर जवळून गेली होती, तिलाच मी माझी काळी वायर पीळ देऊन बांधली आणि वर चिकटपट्टी गुंडाळली. गाणं सुरू झालं. भाऊने पेढा दिला.

तिसऱ्या दिवशी तो घरी आला. "मेल्या, तुझो ह्यो स्टिरिओ गाता कमी नि मरता जास्त!" हळू आवाजात सुरळीत चाले. आवाज चढवला, की बंद. तळातलं पाणी उपसायचा पंप सुरू झाला, की बंद. मग आपणच पुन्हा सुरू.

आता दोषी शोधणं आलं. भाऊचा संशय बॅटरीवाल्यावर. बॅटरीवाला म्हणाला, बॅटरी उत्तम आहे, स्टिरिओ बोगस. स्टिरिओवाला म्हणाला, स्टिरिओ उत्तम, खाऱ्या हवेला कोण काय करणार? खारी हवा काही बोलली नाही, त्यामुळे बराच काळ तीच गुन्हेगार ठरली. खलाशाच्या मते नारळी पौर्णिमेला भाऊने दिलेला नारळ लहान होता. आमची ही म्हणाली, "तुम्ही बसवलाय ना? मग झालं!" या मताकडे कुणी लक्ष दिलं नाही. मी तर नाहीच दिलं.

मी मीटर घेऊन गेलो. स्टिरिओ बंद ठेवून बॅटरी मोजली : १२.६ व्होल्ट. स्टिरिओपाशी मोजलं : तिथेही १२.६. मी विजयी मुद्रेने जाहीर केलं, की वायरिंग निर्दोष आहे. दरम्यान एकदा फ्यूजही उडाला. मी सिगारेटच्या पाकिटातला चंदेरी कागद गुंडाळून तिथे बसवणार, एवढ्यात भाऊचा धीर सुटला आणि त्याने वायरमनला बोलावलं. आला तो माझाच जुना विद्यार्थी.

त्याने पहिल्यांदा माझ्या हातातला चंदेरी कागद अदबीने काढून घेतला. "सर, फ्यूज हा निरोप्या. निरोप आवडला नाही म्हणून निरोप्याचं तोंड बांधायचं नाही. बांधलं तर पुढचा निरोप आगच घेऊन येते." निरोप काय होता, तेही त्याने दाखवलं. पिवळ्या वायरीच्या सांध्यावरची माझी चिकटपट्टी दमट हवेत सुटली होती आणि उघडी तार शेजारच्या तारेला टेकत होती.

मग तो म्हणाला, "आता सगळं चालू करून मोजू." गाणं मोठ्याने, पंपही चालू. बॅटरीवर १२.४. स्टिरिओपाशी १०.३. मग त्याने मीटरची एक पिन बॅटरीच्या ऋण टोकाला आणि दुसरी स्टिरिओच्या काळ्या वायरीला लावली. तिथे जवळजवळ शून्य यायला हवं. आले १.९. उरलेले ०.२ पिवळ्या वायरीत. "सर, तुम्ही भार नसताना मोजलंत. धारा नाही तर रोध असून दिसणार कसा? तुमचाच नियम."

माझाच नियम! तीस वर्षं मी तो फळ्यावर लिहिला आणि खडू झटकला. भार नसताना प्रत्येक तार निर्दोष असते. माणसाचंही तेच. सुट्टीच्या दिवशी आरामखुर्चीत बसलेला कुठला माणूस वाईट असतो?

त्याने ती दिव्याची काळी वायर सोलून दाखवली. आतलं तांबं हिरवं पडलं होतं. त्या सुतासारख्या तारेतून दिवा, पंप आणि माझं गाणं, तिघं परत जात होते. एवढ्यात मला दुसरी गोष्ट उमगली आणि पोटात गोळा आला. स्टिरिओचे व्होल्ट पडत होते, तसे पंपाचेही पडतच होते. स्टिरिओ निदान बंद पडून बोंब मारत होता. पंप बिचारा मुकाट्याने अर्ध्या जोराने पाणी उपसत होता, आणि वर भाऊ पोराबाळांसह माणसं नेत होता.

त्याने कलई केलेल्या तांब्याची जाड तार आणली, टोकांना लग दाबून बसवले, स्टिरिओला वेगळी आणि पंपाला वेगळी अशा दोन तारा थेट बॅटरीपर्यंत नेल्या. दोन तासांचं काम. मी बाजूला बसून १९८८ सालात गेलो होतो.

त्या वर्षी प्रयोगशाळेतला एक अ‍ॅमीटर जळला. त्या टेबलावर शेवटचा हाच मुलगा होता. मी त्याला वर्गाबाहेर उभं केलं आणि पंचवीस रुपये दंड घेतला. बाप जाळी विणायचा. जोडणी त्या सकाळी मीच करून ठेवली होती. घटाला अ‍ॅमीटर सरळ लावला गेला तर तो जळतो. तसा तो मीच लावला होता की त्याने, हे आज मला सांगता येणार नाही. कारण तेव्हा मी जोडणी तपासलीच नाही. मला दोषी सापडला होता. मग दोष कोण शोधतो?

शोध आपल्या हातापासून सुरू करावा, हे काही मोठं तत्त्वज्ञान नव्हे. प्रत्येक वायरमन ते जाणतो. मास्तर, पुढारी आणि नवरे यांनाच ते जड जातं.

काम झालं. चूक माझी म्हणून मजुरी मी देणार, असं मी भाऊला बजावलं. त्याने फारसा विरोध केला नाही. पाचशे रुपये ठरले होते. मी मोजून पाचशे पंचवीस दिले. त्याने पुन्हा मोजले.

"सर, पंचवीस जास्त आले."

"राहू देत. जुनी बाकी आहे."

तो खाली वाकून हत्यारं पिशवीत भरू लागला. त्याला आठवलं की नाही, ते मला कळेना. पिशवी खांद्याला लावून तो धक्क्यावर चढला आणि मागे वळून हसत म्हणाला, "आणि व्याज, सर?"